दमयंतीचे दुसरे स्वयंवर

प्राचीन भारतीय वाङ्मयातील नायिकांची त्यांच्या माहेरांप्रमाणे यादी करावयास कोणी बसेल, तर विदर्भाच्या नावापुढे जमा होणारी नामावळी पाहून विदर्भवासी वाचकालाही नवल वाटल्यावाचून राहणार नाही. अगस्त्य ऋषीची पत्नी लोपामुद्रा विदर्भाच्या राजगृहात वाढली. नलाची दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या आणि श्रीकृष्णाची रुक्मिणी ही भीष्मकाची. ‘रघुवंशा’तील इंदुमती, जिच्या स्वयंवराच्या वर्णनाने कालिदासाला ‘दीपशिखा’ हे बिरुद मिळवून दिले, ती विदर्भाच्या भोजाची बहीण. आणि ‘मालविकाग्निमित्रा’त अग्निमित्राच्या अंतःपुरात दासी म्हणून वावरणारी मालविका हीसुद्धा आपले कुल लपवून राहिलेली वैदर्भीच. नागपूरला राहून कालिदासावर आणि वाकाटकांवर आयुष्यभर लिहिणाऱ्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या ग्रंथांमुळे या मुलखाचा प्राचीन वैभवकाळ मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला. परंतु त्या काळचे प्रासाद जमीनदोस्त झाल्यावरही लोकांच्या तोंडी ज्या टिकून राहिल्या, त्या या मुलींच्या कथा होत, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

जुन्या कथेतील नायिकेकडे नव्या दृष्टीने पाहण्याचा उद्योग आज जगभर चालू आहे. अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेने 1979 साली ‘द ब्लडी चेंबर’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील शीर्षककथेत पत्नीहंत्या उमरावाच्या वाड्यात सापडलेल्या नववधूला सोडवावयास, शार्ल पेरोच्या 1697 च्या कथेत येतात तसे तिचे भाऊ येत नाहीत. घोड्यावर स्वार झालेली तिची आई येते आणि जावयावर गोळी झाडते. मार्गारेट ॲटवुड यांनी 2005 साली ‘द पेनेलोपियाड’मध्ये युलिसिसची कथा त्याची वीस वर्षे वाट पाहणाऱ्या पत्नीच्या तोंडून वदविली, तर चित्रा बॅनर्जी दिवाकरुणी यांनी 2008 साली संपूर्ण महाभारत द्रौपदीकडून सांगविले. अशा लेखनावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, तो असा की आजच्या काळाचे विचार प्राचीन पात्रांच्या माथी मारण्याचा हा प्रकार आहे. आक्षेप प्रामाणिक आहे आणि काही पुस्तकांना तो लागूही पडतो. तथापि जुन्या संहिता उघडून वाचल्या असता पुष्कळदा असे दिसून येते की नायिकेचे कर्तृत्व मूळ कथेतच नांदत होते. ते गाळले गेले मधल्या काळातील सांगणाऱ्यांकडून, आणि बहुधा अशा कारणांसाठी की जी त्या सांगणाऱ्यांच्या समाजाला सोयीची होती.

जर्मनीतील ग्रिम बंधूंचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्धच आहे. 1812 च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी स्त्री ही तिची सख्खी आई होती. 1819 च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली, कारण जन्मदात्रीचे असे चित्र गृहस्थाच्या घरातील पुस्तकात शोभले नसते. मनोऱ्यात कोंडलेल्या रापुन्झेलचे कपडे तिला घट्ट का होऊ लागले, हा तिने अजाणतेपणी विचारलेला प्रश्नही पुढील आवृत्त्यांतून काढून टाकण्यात आला. आणि याच 1819 साली फ्रान्झ बोप या जर्मन पंडिताने लंडन येथे महाभारतातील नलोपाख्यान लॅटिन भाषांतरासह छापले, त्यामुळे पुढे युरोपातील संस्कृतच्या किती तरी विद्यार्थ्यांचा या भाषेशी पहिला परिचय विदर्भाच्या एका राजकन्येच्या द्वारे झाला. त्या विद्यार्थ्यांना जी दमयंती भेटली ती आपल्याकडील बहुसंख्य वाचकांना भेटलेली नाही, असे म्हटले तर ते अतिशयोक्त वाटेल. म्हणून ती कथा जरा सविस्तर पाहू.

दमयंती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हंस येतो. राजा रविवर्म्याने 1899 साली काढलेले ‘हंस-दमयंती’ हे चित्र आणि त्याच्या छापील प्रतिमा घरोघरी पोहोचल्या, रघुनाथ पंडिताच्या ‘दमयंती-स्वयंवरा’तील हंसाचा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून कित्येक पिढ्यांनी तोंडपाठ केला, आणि संस्कृतात श्रीहर्षाने बावीस सर्गांचे जे प्रचंड ‘नैषधीयचरित’ बाराव्या शतकात रचले, ते नवदांपत्याच्या विलासवर्णनात येऊन थांबते. चित्रकार, पंडितकवी आणि महाकवी असे तिघेही जेथे थांबले, तेथे व्यासांच्या दमयंतीची खरी कथा अद्याप सुरूही झालेली नसते. स्वयंवरातील तिचे चातुर्य, म्हणजे नलाचेच रूप घेऊन बसलेल्या इंद्र, अग्नी, वरुण व यम या चौघांतून खरा नल ओळखून काढणे, हे सर्वांना ठाऊक असते. देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा सुकत नाहीत, त्यांचे पाय भुईला टेकत नाहीत आणि त्यांची सावली पडत नाही. ज्याच्या अंगावर धूळ आणि घाम आहे, ज्याची सावली पडते, त्या मर्त्य माणसाच्या गळ्यात ती माळ घालते. पण ही केवळ नांदी आहे.

पुढे आपला भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत खेळता खेळता नलाचे भान जाते, मंत्री आणि नगरजन दाराशी येऊन परत जातात, तेव्हा संसाराची सूत्रे हाती घेते ती दमयंती. राज्य जाणार हे ताडून ती बृहत्सेना नावाच्या दाईकरवी वार्ष्णेय सारथ्याला बोलावते आणि इंद्रसेन व इंद्रसेना या दोन्ही लेकरांना रथात बसवून कुंडिनपुरास आजोळी रवाना करते. वनात नल तिला वारंवार विदर्भाकडे जाणारी वाट दाखवू लागतो, त्याचा अर्थ ती तत्काळ ओळखते आणि सांगते की माझ्या माहेरी जावयाचे तर दोघे मिळून जाऊ. तरीही तिचे अर्धे वस्त्र कापून तो तिला निजलेली टाकून जातो. त्यानंतर अजगराची मिठी, तिच्यावर वाईट नजर टाकणाऱ्या व्याधाचा तिच्या शापाने मृत्यू, रानहत्तींनी तुडविलेला सार्थवाहांचा तांडा आणि त्या अनर्थाचे खापर तिच्याच डोक्यावर फोडू पाहणारे वाचलेले लोक, अशा संकटांतून वाट काढीत ती चेदी नगरीत पोहोचते. अंगावर अर्धे वस्त्र आणि केस धुळीने माखलेले, मागे पोरांचा हुल्लडीचा घोळका, अशा अवस्थेत राजमातेसमोर उभी असताना ती आश्रयासाठी गयावया करीत नाही. आपल्या अटी मांडते. मी उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही, कोणी माझी अभिलाषा धरली तर त्यास शासन झाले पाहिजे, आणि पतीच्या शोधासाठी येणाऱ्या ब्राह्मणांना मात्र मी भेटेन. असा कौल राजमातेकडून घेतल्यावरच ती सैरंध्री म्हणून तेथे राहते.

भुवयांमधील, मळाखाली झाकून गेलेल्या तिळावरून सुदेव नावाच्या ब्राह्मणाने तिला ओळखून माहेरी आणल्यानंतर जो भाग सुरू होतो, तो मला संपूर्ण भारतीय कथावाङ्मयात अपूर्व वाटतो; कारण येथे एक स्त्री आपल्या हरवलेल्या नवऱ्याचा रीतसर तपास करते. चारी दिशांना माणसे पाठवून ती त्यांना एकच मजकूर पढविते: अर्धे वस्त्र कापून निजलेल्या पत्नीस टाकून गेलेल्या जुगाऱ्या, तू आहेस कोठे? हा मजकूर सभासभांतून म्हणावयाचा, आणि ऐकून जो कोणी उत्तर देईल त्याची बारकाईने माहिती काढून परत यावयाचे. अयोध्येहून पर्णाद बातमी आणतो की ऋतुपर्ण राजाच्या पदरी बाहुक नावाचा आखूड हातांचा, कुरूप सारथी आहे आणि तो एकांतात रडत रडत उत्तरला. एवढ्या धाग्यावरून दमयंती पुढची मसलत रचते, आणि ती बापाच्या कानी जाऊ नये अशी आईला ताकीद देते. सुदेवाने अयोध्येस जाऊन सांगावयाचे, की दमयंती पुन्हा स्वयंवर करीत आहे आणि ते उद्या सूर्योदयी आहे. शंभर योजनांचे अंतर एका दिवसात घोडे हाकून कापील असा मनुष्य भूतलावर एकच होता. ऋतुपर्ण संध्याकाळी कुंडिनपुरास येऊन पोहोचतो तो स्वयंवराची कसलीही तयारी नाही, आणि खुद्द राजा भीमही पाहुणा कशासाठी आला या विचारात पडलेला.

तरीही तिची खातरजमा झालेली नसते. ती केशिनी नावाच्या दासीस त्याच्या मागावर ठेवते आणि त्याच्या वागणुकीची बारीकसारीक जबानी घेते. ठेंगण्या दारापाशी तो वाकत नाही, दारच उंच होते. रिकाम्या घागरींकडे त्याने नुसते पाहिले की त्या भरतात. मूठभर गवत उन्हात धरताच पेट घेते. फुले चुरगाळली तर अधिकच टवटवीत होतात. एवढे पुरावे मिळाल्यावर ती त्याने रांधलेले मांस मागवून चाखून पाहते, कारण नवऱ्याच्या हाताची चव तिच्या जिभेस ठाऊक होती. मग ती मुलांना त्याच्यापुढे पाठविते, आणि तेथे बाहुकाचे सोंग फुटते. वादीही तीच, तपासनीसही तीच आणि निवाडा देणारीही तीच, अशी ही कथा ज्या मुलखात घडली त्याच मुलखातील शाळांतून मुलींना मात्र उपवनात हंस पकडू पाहणारी दमयंती शिकविली गेली. हा भाग गाळण्यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. शृंगाररसाच्या परंपरेला नायिका हवी होती ती वरमाला घालीपर्यंतच, आणि प्रत्येक नव्या कवीने पूर्वीच्या कवीचे थांबण्याचे स्थळ प्रमाण मानले.

रुक्मिणीची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिला सांगणाऱ्यांत एक स्त्री होती आणि ती मराठीच्या अगदी आरंभकाळी होती. वर्धा नदीच्या, म्हणजे जुन्या वरदेच्या तीरावरील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तेथून आषाढीस तिची पालखी पंढरपुरास जाते. भागवताच्या दशमस्कंधात तिने द्वारकेस धाडलेले पत्र प्रणयपत्र म्हणून ओळखले जाते; ते वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल की त्यात तिने पळवून नेण्याची तजवीजही स्वतःच लिहून दिली आहे. अंतःपुरात शिरलात तर माझ्या आप्तांचा वध करावा लागेल; त्यापेक्षा विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवतेच्या दर्शनासाठी मी नगराबाहेर येते, तेथून मला घेऊन जा, असा तिचा स्पष्ट बेत आहे. अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर हेच ते ठिकाण, अशी त्या भागातील श्रद्धा आहे. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाचा जो भक्तिपूर्ण सोहळा महानुभाव मंडळींनी केला, त्या प्रसंगी महदंबेने रुक्मिणीहरणावरील धवळे गायिले. आद्य मराठी कवयित्री म्हणून जिला आपण मान देतो, त्या विधवा स्त्रीने आपल्या वाणीसाठी विषय निवडावा तो आपला पती आपणच निवडून त्यास बोलावणे धाडणाऱ्या मुलीचा, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. त्यानंतर थोड्याच वर्षांत नरेंद्राने आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले, आणि राजा रामदेवरायाने ते आपल्या नावावर करून मागितले असता त्याने नकार दिला, अशी आख्यायिका आहे.

एकनाथांनी 1571 साली काशीक्षेत्री जे ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले, त्यात रुक्मिणी जीव झाली आणि श्रीकृष्ण शिव. त्या ग्रंथाची थोरवी मी सांगावी असे नाही. परंतु त्याचा लोकव्यवहारात झालेला उपयोग पाहण्यासारखा आहे: लग्न जमत नसलेल्या मुलीने या ग्रंथाचे पारायण करावे, म्हणजे योग्य वर मिळतो, असा रिवाज महाराष्ट्रभर पडला आणि अजून चालू आहे. भावाने ठरविलेले स्थळ झुगारून देणाऱ्या मुलीची पोथी, वडीलधाऱ्यांनी स्थळ आणावे म्हणून वाचली जाते. तरी मला त्या पारायणाचा राग येत नाही. पाटावर बसून रोज एक प्रसंग वाचणाऱ्या मुलीच्या मनात त्या पत्राचा मजकूर कोणत्या स्वरात उमटत असेल, याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. पुढे 1916 साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले, भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी आणि बालगंधर्वांच्या रुक्मिणीने महाराष्ट्र वेडा झाला, आणि ती रुक्मिणी कशी लुगडे नेसते, कशी चालते, हे घराघरांतील स्त्रिया पाहू लागल्या. स्त्रीची भूमिका करणाऱ्या पुरुषाकडून स्त्रियांनी स्त्रीत्वाचे धडे घ्यावेत, हा त्या काळाचा विशेष होता. पत्र लिहिणारी हिकमती मुलगी मात्र त्या सुरांखाली बरीचशी झाकली गेली.

लोकपरंपरेने रुक्मिणीला आणखी एक कथा दिली, जी मला सर्व काव्यांहून धीट वाटते. कृष्णाच्या मांडीवर राधा बसलेली पाहून ती रुसली, द्वारका सोडून दिंडीरवनात आली, आणि तिची समजूत घालावयास देव मागोमाग पंढरपुरास आला. म्हणून तेथे आजही रुक्मिणीचे देऊळ विठ्ठलापासून निराळे आहे. सबंध महाराष्ट्राचे दैवत आपल्या गावी आले ते एका रागावलेल्या बायकोच्या पाठीमागे, हे ज्या बायाबापड्यांनी ठरविले, त्यांना कोणी पुनर्लेखक म्हटले नाही.

या पार्श्वभूमीवर, अमरावतीस जन्मलेल्या आणि पुढे नागपुरास प्राध्यापक म्हणून नाव मिळविलेल्या कुसुमावती देशपांडे यांचे स्मरण मला अपरिहार्य वाटते. विवाहापूर्वी त्यांचा आणि कवी अनिलांचा जो पत्रव्यवहार झाला, तो त्यांच्या मृत्यूनंतर 1972 साली ‘कुसुमानिल’ या नावाने ग्रंथरूप झाला. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 1961 साली प्रथमच एका स्त्रीकडे आले ते यांच्याकडे. वैदर्भीने आपला सहचर पत्राने निवडावा, ही जुनी गोष्ट विसाव्या शतकात अशी प्रत्यक्ष घडून गेली. त्याच पिढीत आणि नंतर दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’, इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’, अरुणा ढेरे यांचे ‘कृष्णकिनारा’, तारा भवाळकरांचे ‘सीतायन’ अशी पुस्तके येत गेली, आणि पुराणातील स्त्रीला माणूस म्हणून वाचण्याची सवय मराठी वाचकाला लागली. यांपैकी इरावतीबाई कठोर आहेत आणि दुर्गाबाई रसिक आहेत. मला दोघींचीही गरज वाटते.

ग्रंथांबाहेर घडलेले एक पुनर्लेखन तर यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातील रावेरी या गावी आहे. तेथे सीतेचे मंदिर आहे, रामावाचून. रामाने त्यागलेली सीता लव-कुशांसह येथे राहिली, तिने गावकऱ्यांकडे पसाभर गहू मागितले, ते कोणी दिले नाहीत, तेव्हा या गावात गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला, अशी तेथील कथा आहे. उपाशी लेकुरवाळीला विन्मुख पाठविणाऱ्या गावाने आपलाच अपराध देऊळ बांधून जपून ठेवावा, ही गोष्ट वाल्मीकीच्या करुणेला शोभणारी आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि तेथे नवऱ्याने टाकलेल्या, एकटीने संसार उभा करणाऱ्या स्त्रियांचा ‘स्वयंसिद्धा’ म्हणून सन्मान होऊ लागला. 1986 साली चांदवडला लाखो शेतकरी स्त्रिया जमविणाऱ्या या संघटनेने पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली होती, शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा राजीखुशीने पत्नीच्या नावे करून द्यावा, सातबाऱ्यावर तिचे नाव चढवावे, असा तिचा कार्यक्रम होता, आणि अनेक गावांनी तो अमलात आणला. रावेरीच्या सीतेकडे मूठभर धान्य देखील हक्काचे नव्हते, ही गोष्ट त्या मोहिमेच्या कार्यकर्त्यांना व्याख्यान देऊन समजवावी लागली नसेल.

दमयंतीच्या वाट्याला असे देऊळ आले नाही, आणि तिच्या कथेतील सर्वांत अवघड जागा अद्याप कोणी हाताळलेली माझ्या वाचनात नाही. पहिल्या द्यूताच्या अखेरीस सर्वस्व हरलेल्या नलाला पुष्कर म्हणाला होता, की आता दमयंती पणाला लाव. तेव्हा नलाने एक शब्द न बोलता अंगावरचे दागिने उतरवून ठेवले आणि तो निघाला. त्याच्या अपराधांमध्ये हा एक अपराध नाही, म्हणूनच आपण त्याला क्षमा करतो. पण कथेच्या शेवटी, ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून, पत्नीला कुंडिनपुरास ठेवून तो एकटा निषधास परततो आणि पुष्कराला पुन्हा खेळावयास आव्हान देतो, तेव्हा तो आपण मिळविलेल्या धनाबरोबर दमयंतीलाही पणाला लावतो. तो जिंकतो, म्हणून श्रोता सुटकेचा श्वास टाकतो. माहेरी राहिलेल्या दमयंतीला हे कळले होते का, कळल्यावर ती काय म्हणाली, याविषयी महाभारत मौन धरते. ही कथा काम्यकवनात बृहदश्व ऋषी सांगत होते ती युधिष्ठिराला, त्याचे सांत्वन करावे म्हणून. आणि द्यूतसभेत पणाला लावली गेलेली द्रौपदी त्याच वनात त्याच्याबरोबर राहत होती.